एक जूनचा वाढदिवस आणि कागद नसलेली मुलं

दरवर्षी १ जूनला आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केकच्या फोटोंचा पाऊस पडतो. जुन्या मुख्याध्यापकांचा वाढदिवस, शिपाईमामांचा वाढदिवस, निवृत्त झालेल्या तीन-चार सरांचा वाढदिवस, सगळे एकाच दिवशी. नव्या भरतीतल्या एका तरुण शिक्षिकेने पहिल्या वर्षी विचारलं होतं, "हे सगळे जुळे भाऊ आहेत का?"

आपल्या घरातही हेच आहे. अब्बांचं आधार कार्ड काढून बघा, चाचांचं बघा. निम्म्या वडीलधाऱ्यांची जन्मतारीख १ जून निघेल. कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजी गावात, मोहल्ल्यात फिरून पोरं गोळा करायचे. जन्म कधीचा म्हणून विचारलं की आई सांगायची, दुष्काळाच्या साली झाला. किंवा, पानशेत फुटलं तेव्हा पोटात होता. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. हात कानाला पोचला म्हणजे पोरगा सहा वर्षांचा. मग रजिस्टरमध्ये तारीख पडायची, १ जून. मराठा, माळी, महार, मुसलमान, धनगर, सगळ्यांच्या पोरांना गुरुजींनी एकच तारीख वाटून दिली. या १ जूनवाल्यांतले पुढे डॉक्टर झाले, फौजदार झाले, आमच्यासारखे मास्तर झाले. तुझा जन्म खरंच इथला का, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

ही आठवण सुरुवातीलाच काढायचं कारण असं की, कागद नसलेलं मूल म्हणजे कुठून तरी बाहेरून आलेलं मूल, अशी समजूत आता रुजत चालली आहे. दुसऱ्यांच्या मनात आहेच, पण आपल्या स्वतःच्या पोरांच्या मनातही ती शिरते आहे. वर्गात उभं राहून ते बघण्याची वेळ आमच्यावर आली, म्हणून हा लेख.

जून २०१७ मध्ये एक भंगार गोळा करणारे गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन शाळेत आले. त्याआधी त्यांचा मुक्काम पुण्याजवळच्या एका वस्तीत होता, मग दोन-तीन गावं फिरून आमच्या गावात खोली घेतली होती. मुलगी कधी शाळेत गेलेली नव्हती. मदरशात कायदा आणि थोडी उर्दू शिकली होती, मराठी मात्र रस्त्यावरची, खणखणीत. जन्माचा दाखला नव्हता. शिक्षण हक्क कायद्यात अशा मुलासाठी स्पष्ट तरतूद आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाला शोभेल अशा वर्गात बसवायचं असतं. आम्ही वडिलांकडून वयाचं स्वयंघोषणापत्र घेतलं आणि तिला तिसरीत बसवलं. तारखेच्या रकान्यात काय लिहायचं? वडील म्हणाले, "जो आप को ठीक लगे." आमच्या हातून लिहिलं गेलं, १ जून २००९. गुरुजींचीच सवय आमच्या हातात उतरली होती, दुसरं काय.

मुलगी हुशार निघाली. पाचवीपर्यंत ती वर्गाची मॉनिटर झाली होती. कागदाचा प्रश्न मध्येमध्ये डोकं वर काढायचा आणि आम्ही तो पुढे ढकलायचो. आधार नव्हतं म्हणून सरल पोर्टलवर तिचं नाव अडायचं. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा तर बँक खातं लागायचं, खात्याला आधार लागायचं, आणि आधारसाठी पुन्हा जन्माचा दाखला. शेवटी शाळेच्या बोनाफाईडवर आधार निघालं. आम्हाला वाटलं, सुटलो. पालकांचीही हीच गैरसमजूत असते की आधार आलं म्हणजे सगळं आलं. तसं नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं खुद्द आधार कायद्यातच लिहिलेलं आहे. आणि वयाचा पुरावा म्हणून आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला बरा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं आहे.

"कागद नाही" म्हणजे नक्की काय नाही?

पालक येतात आणि म्हणतात, "सर, इसका कुछ बी कागद नहीं है." पंचवीस वर्षांच्या नोकरीत आम्ही एक शिकलो, की या एका वाक्याच्या पोटात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि चारींचा इलाज वेगळा आहे.

काहींची नोंद झालेली असते, फक्त कागद हरवलेला असतो. २६ जुलै २००५ च्या पुरात आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा कित्येक घरांतल्या ट्रंका वाहून गेल्या. अशांनी घाबरायचं काहीच कारण नाही. मूळ नोंदवही नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत असते, तिथून दाखला पुन्हा मिळतो. इथे एक चूक हमखास होते. नोंद जन्म झाला त्या ठिकाणी असते, आपण राहतो तिथे नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मूल मिरजेला जन्मलेलं असतं आणि बाप बार्शीच्या नगरपालिकेत तीन हेलपाटे घालून "रेकॉर्ड नाही" असं ऐकून परत येतो. आधी अम्मीला विचारा, मूल कुठे झालं.

काहींची नोंद असते पण मुलाच्या नावाशिवाय. दवाखान्याने "स्त्री, अमुक यांना" एवढंच कळवलेलं असतं. जुन्या कोतवाल बुकांत तर बऱ्याचदा असंच असायचं, अमक्याला मुलगा झाला, बस. अशा नोंदीत नाव नंतर घालता येतं. पहिल्या वर्षात फुकट, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत थोडं विलंब शुल्क भरून. मूल नववीत गेलं की ही पंधरा वर्षं संपत आलेली असतात, हे ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट, नोंद आहे, नाव आहे, पण ते शाळेतल्या नावाशी जुळत नाही. यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण आपल्या समाजात सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात.

आणि चौथी, नोंद मुळात झालीच नाही. मूल घरी झालं, दाईने केलं, कुणी कळवलं नाही. आमची ही मुलगी त्यातली. जगात अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. पाच वर्षांच्या आतल्या सुमारे १५ कोटी मुलांची जन्मनोंद झालेली नाही, असं युनिसेफने २०२४ च्या अखेरीस सांगितलं. जन्मल्याबरोबर नोंद, नाव आणि राष्ट्रीयत्व हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, असं बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलं आहे, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला.

नोंदीचा कायदा १९६९ चा. जन्मानंतर २१ दिवसांत कळवलं तर काही शुल्क नाही. ३० दिवसांपर्यंत थोडं विलंब शुल्क. त्यापुढे एक वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की प्रकरण दंडाधिकाऱ्यापुढे जातं. पूर्वी हे कोर्टाच्या न्यायदंडाधिकाऱ्याचं काम होतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आलं. ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी शाळा प्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्माचा दाखलाच. म्हणजे आमच्या पिढीला गुरुजींनी कान धरायला लावून जे दिलं, ते यापुढच्या बाळांना कुणी देणार नाही.

ज कसा लिहायचा?

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे या दुखण्याची आम्हाला चांगली ओळख आहे. उर्दूत जीम, ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय अशी वेगवेगळी अक्षरं. मराठीत ज आणि झ, आणि खाली नुक्ता द्यायची पद्धत नाही. म्हणून एकाच घरातला थोरला "रिझवान" होतो आणि धाकट्याच्या दाखल्यावर बापाचं नाव "रिजवान" लागतं. काझी आणि काजी. झुबेर आणि जुबेर. फातिमा, फातेमा, फातमा. खदीजाची खतिजा होते. सय्यद, सैय्यद, सैयद. मोहम्मद हे नाव तर मोहंमद, महंमद, मुहम्मद, मो., एमडी अशा किती रूपांत येतं, त्याची गणतीच नाही. मराठी लिहिणाऱ्या कारकुनाची यात मोठी चूक नसते. त्याने जे ऐकलं ते लिहिलं. पण आता संगणकाला "झ" आणि "ज" ही दोन वेगळी माणसं वाटतात. शाळेचं रेकॉर्ड आणि आधार यांतलं नाव जुळलं नाही तर मुलाचा अपार आयडी निघत नाही. आमच्या वर्गशिक्षकांची कितीतरी दुपार याच कामात जाते.

दुसरी भानगड क्रमाची. इथली रीत म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपल्यात शेख कधी पुढे तर कधी मागे. आडनाव तांबोळी, अत्तार, मुल्ला, बागवान असेल तर ठीक. पण आजोबांच्या वेळी गुरुजींनी आडनावाच्या जागी "शेख" लिहिलं आणि जातीच्या रकान्यात "मुसलमान". आता नातवाला ओबीसीचा दाखला हवा असतो, त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि पुराव्यात तांबोळी हा शब्दच नसतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे थांबतो.

आणि बायकांची नावं. निकाहनाम्यात ती अमक्याची बेटी असते. रेशन कार्डात तिच्या नावामागे नवऱ्याचं नाव. माहेरी "बी", सासरी "बेगम", मतदार यादीत "बानो". मुलाच्या दाखल्यावर आईचं एक नाव, आधारवर दुसरं. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली आणि १९ लाखांहून जास्त लोक बाहेर राहिले. तिथे लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायकांना आपण आपल्या बापाची मुलगी आहोत हेच सिद्ध करणं सर्वांत जड गेलं. त्या हिवाळ्यात आपल्या मोहल्ल्यांतही झेरॉक्सच्या दुकानांसमोर रांगा लागल्या होत्या, आठवत असेल. त्या धास्तीत लोकांनी कागद गोळा केले, पण त्यांतली नावं जुळतात का हे फार थोड्यांनी बघितलं.

शाळेच्या जनरल रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असेपर्यंतच सहज दुरुस्त होते. मुख्याध्यापक पुराव्यासह प्रस्ताव पाठवतात, शिक्षणाधिकारी मंजुरी देतात. दहावीचं प्रमाणपत्र छापून आल्यावर तेच काम बोर्डाच्या विभागीय कार्यालयात जातं आणि पायपीट दसपट होते. म्हणून आमची सगळ्या पालकांना विनंती असते, मूल आठवीत गेलं की एका रविवारी सगळे कागद चटईवर मांडा. जन्माचा दाखला, आधार, रजिस्टरचा उतारा, आई-वडिलांचं आधार. अक्षर न अक्षर वाचा.

आमच्याच विद्यार्थिनीच्या बाबतीत मात्र आम्ही हे वेळेवर केलं नाही. मान्य करायला हवं. ती नववी संपवून दहावीत गेली तेव्हा २०२४ च्या जूनमध्ये आम्ही जागे झालो.

तिच्या आईला शाळेत बोलावलं. जन्म कधी झाला, नीट आठवून सांगा म्हटलं. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि सांगू लागल्या, "जुम्मा था. दो दिन पहले बाजूवाली ताई के घर राखी हुई थी. शबे बरात का हलवा डब्बे में था. और सब लोगां मुँह को फडका बांध के फिरते थे, इसलिए दवाखाने में गए नहीं."

फडकं म्हणजे करोना नव्हे, हे आमच्या थोड्या उशिरा लक्षात आलं. स्वाइन फ्लू. भारतातला त्याचा पहिला बळी पुण्यात गेला, ३ ऑगस्ट २००९ ला. त्या आठवड्यात पुण्यात दवाखान्याचं नाव काढलं तरी लोक दचकत होते. पोटुशी बाई रांगेत उभी राहायला घाबरली आणि वस्तीतल्या दाईकडे गेली, यात नवल नाही.

मग आम्ही स्टाफरूममध्ये जुनी कॅलेंडरं आणि मोबाईल घेऊन बसलो. राखी पौर्णिमेला, शबे बरात शाबानच्या पंधराव्या रात्री, म्हणजे तीही पौर्णिमेच्या आसपास. हिजरी साल चंद्रावर, पंचांगातले महिनेही चंद्रावर. २००७, २००८, २००९ अशी सलग तीन वर्षं श्रावणाची आणि शाबानची पौर्णिमा एकच होती. २०१० मध्ये अधिक वैशाख आला आणि राखी महिनाभर पुढे सरकली. म्हणजे नुसत्या राखी आणि हलव्यावरून साल ठरलं नसतं. फडक्याने साल ठरलं, २००९. राखी ५ ऑगस्टला, बुधवारी. दोन दिवसांनी जुम्मा. ७ ऑगस्ट २००९.

मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "टीचर, मतलब मेरा बड्डे बारिश में है?"

वर्ष बरोबर निघालं होतं, फरक दोन महिन्यांचा. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून आम्हाला समजलं की ज्याला आपण किरकोळ समजून १ जून लिहून टाकतो, ते मुलासाठी किरकोळ नसतं.

त्यानंतर अर्ज केला. नगरपालिकेचा, नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला. शाळेच्या रजिस्टरचा उतारा. आईचं शपथपत्र. दाई वारली होती, पण ती राखीवाली ताई अजून त्याच वस्तीत होती. रोजची धुणीभांडी बुडवून ती अधिकाऱ्यांसमोर आली आणि म्हणाली, "साहेब, पोरीची पहिली अंघोळ माझ्या बंबातल्या पाण्यानं झालीय. मी नाही सांगणार तर कोण सांगेल?" वडिलांचा कागद शोधायला आम्ही त्यांच्या मूळ गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. ते दुसरीत शाळा सोडून गेले होते. तिथल्या मुख्याध्यापकांनी कपाट उघडून, धूळ झटकून, जुनं रजिस्टर काढलं. नाव घरातलं लाडाचं लिहिलेलं होतं, पण आजोबांचं नाव आणि गाव बरोबर. जन्मतारीख, १ जून १९८३. कागदोपत्री बापलेकीचा वाढदिवस एकाच दिवशी.

त्या कागदाचं मोल समजायला नागरिकत्वाचा कायदा थोडा माहीत हवा. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत जो भारतात जन्मला, तो जन्माने नागरिक, आई-बाप कोण हे बघायचं नाही. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील यांपैकी एक नागरिक हवा. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे या मुलीचा हक्क तिच्या आई-वडिलांवर उभा आहे, आणि ते दोघेही १९८७ च्या आधी इथेच जन्मले. वडिलांच्या त्या दुसरीपर्यंतच्या शाळेने एवढं काम केलं. लोक पणजोबांचे कागद शोधत हिंडतात. आधी तुम्ही स्वतः कोणत्या सालात बसता ते बघा.

जानेवारी २०२५ मध्ये राज्यात उशिराच्या जन्मनोंदींचं काम थांबवण्यात आलं. परदेशी लोकांनी खोट्या कागदांवर असे दाखले मिळवले, असे आरोप झाले, तपास पथक नेमलं गेलं. मालेगावचं नाव रोज टीव्हीवर येऊ लागलं. खोटे दाखले झाले असतील तर त्यांचा तपास व्हायलाच हवा, आमचं त्यावर दुमत नाही. शिक्क्यांचा धंदा करणारे एजंट आपल्या मोहल्ल्यांतही आहेत आणि आपणच त्यांना पैसे देतो. पण ज्या घराने खरा अर्ज केला होता, त्याचीही फाईल त्याच गठ्ठ्यात गेली. मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आली, जास्त कडक. तोवर दहावीची परीक्षा सुरू झालेली होती.

त्या जानेवारीतली एक दुपार आम्ही विसरू शकत नाही. मधल्या सुट्टीत कबड्डीवरून भांडण झालं आणि एक पोरगा या मुलीला म्हणाला, "तू तो बांगलादेशी है, तेरा दाखला कहाँ है?" तो आपलाच पोरगा होता, शेजारच्या गल्लीतला. टीव्हीवरचा शब्द त्याने उचलला होता, एवढंच. ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून हजेरीला "हाजिर" म्हणायचा तिचा आवाज मात्र बसला.

त्या पोराला शिक्षा करून काही झालं नसतं. आम्ही सगळ्या वर्गाला गृहपाठ दिला. घरी जाऊन आजी-आजोबांची, नाना-नानींची जन्मतारीख विचारा, आणि ती कशावरून लिहिली तेही विचारा. सोमवारी मुलांनी एकेक करून वाचलं. १ जून. १ जून. "दादी को मालूम नहीं." १ जून. "नाना बोले मास्टर ने लिखी." पुन्हा १ जून. पाचव्या-सहाव्या वेळेला वर्ग हसायला लागला. त्या कबड्डीवाल्या पोराची पाळी आली. त्याने वहीत बघितलं, खाली मान घातली आणि वाचलं, "दादा, १ जून. दादी, कागद नहीं है." हसण्यात ती मुलगीही होती. तिने हात वर करून सांगितलं, माझे अब्बा पण १ जून. पण मी नाही, मी ऑगस्टची.

पालकांनी मुलांसमोर कागदाबद्दल कसं बोलावं, हे आम्ही त्या दिवसापासून प्रत्येक सभेत सांगतो. घरात "पकड के ले जाएंगे" अशी भाषा झाली की मूल शाळेत पाठीमागच्या बाकावर जातं. कागद काढणं हे मोठ्यांचं काम आहे, भीतीही मोठ्यांनीच वाहावी. मुलाला त्याचा जन्म कसा झाला ते सांगा. कोणत्या दवाखान्यात, पाऊस होता की ऊन, शेजारचं कोण धावून आलं, अझान कुणी दिली. ते लिहून ठेवा. उद्या शपथपत्रात कामाला येईल, आणि आला नाही तरी मुलाजवळ राहील.

आता ज्यांच्या घरात पाळणा हलणार आहे त्यांच्यासाठी. अकीका सातव्या दिवशी करतो, नाव त्याच दिवशी ठेवतो. नोंदीला २१ दिवस असतात. म्हणजे अकीक्याची दावत झाल्यावर हातात दोन आठवडे उरतात. त्यातला एक दिवस नोंदीला द्या. नाव मराठीत आणि इंग्रजीत कसं लिहायचं ते आधी कागदावर लिहा, थोरल्या भावंडांच्या दाखल्यांशी आणि आई-बापाच्या आधारशी जुळवा, आणि तो कागद कारकुनाच्या हातात द्या. तोंडी सांगू नका. दाखला मिळाल्यावर खिडकीवरून हलण्याआधी वाचा. मशिदीतल्या जुम्म्याच्या एलानात ही २१ दिवसांची गोष्ट महिन्यातून एकदा सांगितली तर फार बरं होईल. आमच्या गावच्या मौलाना साहेबांनी ती सुरू केली आहे.

ज्यांची नोंद राहिली आहे त्यांनी अर्ज स्वतः करावा, एजंटकडून नाही. खोटा शिक्का आज दोन हजारांत मिळेल आणि उद्या पोराला आरोपी करेल. अर्जाची पोच, पावती, प्रत्येक कागदाची झेरॉक्स, एका फाईलमध्ये. आणि शाळा प्रवेशाला "दाखला आणल्याशिवाय नाव घालत नाही" म्हणाली, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ दाखवा. आधार नाही म्हणून मुलाला शाळेत घेणार नाही असंही चालत नाही, सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ते आहे.

मुलगी दहावी पास झाली. तिच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर १ जून २००९ छापून आलं आहे, कारण तोवर नोंदीचा आदेश झाला नव्हता आणि रजिस्टर दुरुस्त करता आलं नाही. ती आता अकरावीला आहे, विज्ञान शाखेत. नव्या पद्धतीप्रमाणे फाईल पोलीस अहवालासाठी गेली आहे. आदेश झाला की दाखला ७ ऑगस्टचा येईल आणि मग बोर्डाच्या कार्यालयात तारीख दुरुस्तीचा दुसरा अर्ज करावा लागेल. त्याचा मसुदा आम्ही तयार करून ठेवला आहे. राखीवाल्या ताईंनी सांगून ठेवलंय, पुन्हा यायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, कामावर सांगावं लागतं.